दोन्ही दुर्बिणी नॉर्मल, तरी रक्त कमीच!

आपल्या घरांत पोटाच्या बहुतेक दुखण्यांना एकच नाव असते – गॅस. जेवल्यावर पोट फुगले, गॅस. बेंबीभोवती कळ आली, गॅस. थकवा आला, चक्कर आली, तरी घरातले कोणीतरी म्हणतेच, "गॅस डोक्यात चढला असेल." मग ओवा, सोडा, इसबगोल आणि मेडिकलवाल्याने फारसे न विचारता दिलेली सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची गोळी. बऱ्याचदा एवढ्यावर भागतेही. हा लेख जेव्हा भागत नाही त्या वेळेसाठी आहे. त्यातही पोटाच्या अशा एका भागासाठी आहे, जिथे नेहमीची दुर्बीण पोहोचतच नाही.

समजा, जुन्या नाशकात राहणारी चाळिशीची एक बाई आहे. चार मुलांची आई. जिना चढताना धाप लागते, चेहरा पांढुरका झाला आहे. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन सात. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. सोबत खजूर, बीट, कलेजी. तीन महिन्यांनी नऊवर गेले, सगळ्यांना बरे वाटले, गोळ्या थांबल्या आणि पुन्हा सात. "पाळीत जास्त जात असेल," असे सासूबाईंचे मत, आणि खरे तर पहिल्या डॉक्टरांचेही. सोनोग्राफी झाली, गर्भाशय ठीक. शेवटी एका दवाखान्यात तोंडातून दुर्बीण घातली, नॉर्मल. खालून घातली, तीही नॉर्मल. "अल्हम्दुलिल्लाह, काही निघाले नाही," म्हणून घरच्यांनी फाईल कपाटात ठेवली. सहा महिन्यांनी तिला रक्ताची बाटली लावावी लागली.

ही बाई मी लिहिण्यापुरती कल्पिली आहे, पण अशी फाईल ज्यांच्या कपाटात आहे असे वाचक या पानावर निघतील. "काही निघाले नाही" आणि "काही नाही" या दोन वाक्यांत जवळजवळ सहा मीटरचे अंतर आहे. लहान आतड्याची लांबी साधारण तेवढीच असते, सुमारे वीस फूट.

आतड्याचा मधला मुलूख

तोंडातून घातलेली दुर्बीण अन्ननलिका, जठर आणि त्यापुढच्या पक्वाशयाचा, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीचा, थोडा भाग पाहते. गुदद्वारातून घातलेली दुर्बीण संपूर्ण मोठे आतडे फिरून, डॉक्टरांनी प्रयत्न केला तर, लहान आतड्याच्या शेवटच्या काही सेंटिमीटरपर्यंत जाते. मधला सगळा मुलूख वेटोळ्यांत गुंडाळलेला, सतत हलणारा आणि दोन्ही टोकांपासून लांब. अन्नातले पोषण शरीरात शोषले जाते ते मुख्यतः इथेच. म्हणून इथे बिघाड झाला की पोट दुखण्याआधीही माणूस वाळत जातो, रक्त कमी होते, हाडे दुखतात.

एक काम आज घरी करता येईल. जुनी फाईल काढा आणि "नॉर्मल" या शब्दाच्या वरच्या ओळी वाचा. तोंडाकडच्या दुर्बिणीच्या रिपोर्टमध्ये पक्वाशयाचा दुसरा भाग पाहिल्याचे लिहिले आहे का? तेथून तुकडे काढून बायोप्सीला पाठवले का? खालच्या दुर्बिणीच्या रिपोर्टमध्ये "टर्मिनल इलियम", म्हणजे लहान आतड्याचे शेवटचे टोक, पाहिल्याची नोंद आहे का? पोट नीट साफ झाले नव्हते असा शेरा आहे का? या नोंदी नसतील तर रिपोर्ट खोटा ठरत नाही, अपुरा ठरतो. मधल्या आतड्याच्या महागड्या तपासणीकडे जाण्याआधी तज्ज्ञ डॉक्टर कधी कधी याच दोन दुर्बिणी पुन्हा करायला सांगतात, कारण पहिल्या खेपेला राहून गेलेली जखम दुसऱ्या खेपेला सापडते. "हे पैसे काढायचे धंदे" म्हणून लगेच उठून जाऊ नये. कारण विचारावे.

गिळायचा कॅमेरा

वाकणाऱ्या दुर्बिणीच्या इतिहासात आपल्या देशाचाही एक माणूस आहे. पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे इंग्रज गुरू हॅरोल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ साली काचेच्या केसासारख्या बारीक तंतूंच्या जुडीतून चित्र वाकवून नेता येते, हे दाखवून दिले. तीन वर्षांत त्यावरून जठराची लवचीक दुर्बीण तयार झाली. पण लहान आतडे त्यानंतरही चाळीसेक वर्षे जवळपास अंधारातच राहिले. फारच गरज पडली तर ऑपरेशन टेबलावर पोट उघडून, शल्यविशारदाने आतडे हाताने सरकवत दुर्बिणीवर चढवायचे, हा मार्ग होता.

एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर दोन गोष्टी जवळजवळ एकदम घडल्या. क्षेपणास्त्रांच्या कॅमेऱ्यांवर काम केलेले इस्रायली अभियंते गॅव्हरिएल इदान आणि लंडनचे डॉक्टर पॉल स्वेन हे दोघे वेगवेगळे काम करत एकाच कल्पनेपाशी आले होते : कॅमेरा, दिवा, बॅटरी आणि रेडिओ एका गोळीत बसवायचे. स्वेन यांनी १९९९ मध्ये ती गोळी स्वतःच गिळली, आणि २००१ साली अमेरिकेत तिच्या वापराला परवानगी मिळाली. आज जपान, कोरिया, चीन येथील कंपन्याही अशा कॅप्सूल बनवतात. त्याच २००१ मध्ये जपानच्या जिची वैद्यकीय विद्यापीठातले हिरोनोरी यामामोटो यांनी दोन फुग्यांची दुर्बीण जगापुढे मांडली.

गोळीचा आकार साधारण ११ मिलिमीटर बाय २६ मिलिमीटर, म्हणजे मोठ्या व्हिटॅमिनच्या कॅप्सूलपेक्षा थोडी मोठी. वजन चार ग्रॅमच्या आत. पहिल्या पिढीच्या गोळीने सेकंदाला दोन फोटो घेतले तरी आठ तासांत पन्नास हजारांहून जास्त फोटो जमतात. आतडे स्वतःच तिला पुढे ढकलते. एक-दोन दिवसांत ती शौचावाटे निघून जाते आणि ती परत द्यायची नसते. हे फोटो कोणीतरी बसून पाहायचे असतात, म्हणूनच रिपोर्ट संध्याकाळी हातात मिळत नाही.

दोन फुग्यांची दुर्बीण म्हणजे डबल बलून एन्टेरोस्कोपी हा वेगळाच प्रकार आहे. दोन मीटर लांबीची बारीक दुर्बीण, तिच्यावर एक नळी, दोघींच्या टोकाला एकेक फुगा. एक फुगा आतड्याची भिंत धरून ठेवतो, दुसरा पुढे सरकतो, मग मागचे आतडे नळीवर चुण्या घालावे तसे गोळा होते. पायजम्यात नाडी ओवताना कापड जसे मागे सरकवतो, अगदी तसेच. कॅप्सूल फक्त पाहते. ही दुर्बीण तुकडा काढते, रक्तस्राव जाळून थांबवते, आवळलेला भाग रुंद करते. मात्र भूल द्यावी लागते, तास-दीड तास जातो, आणि शंभरात साधारण एखाद्याला आतड्याला छिद्र पडणे, रक्तस्राव किंवा स्वादुपिंडाला सूज असा गंभीर त्रास होऊ शकतो. म्हणून सहसा आधी कॅप्सूल किंवा स्कॅन करून जागा शोधतात, मग गरज असेल तर ही दुर्बीण वरून घालायची की खालून ते ठरवतात.

गोळी गिळण्याआधी

हा भाग सावकाश वाचावा. आपल्याकडे लहान आतड्याचा क्षय, म्हणजे आतड्याचा टीबी, दुर्मीळ नाही. टीबीने किंवा क्रोन्स नावाच्या आजाराने आतडे काही ठिकाणी आवळून बोळ अरुंद होते. अशा जागी कॅप्सूल अडकली तर ती काढायला दुर्बीण किंवा ऑपरेशन करावे लागते. सर्व रुग्णांत मिळून शंभरात एक-दोन जणांना असे होते; आधीच आवळलेले आतडे असणाऱ्यांत हा धोका जास्त. म्हणून जेवल्यानंतर तास-दोन तासांनी पोटात पीळ पडणे, पोटात गोळा फिरल्यासारखा वाटणे, गुडगुड आवाज होऊन तो विरणे, उलटीने आराम पडणे यांतले काहीही होत असेल तर ते डॉक्टरांना न विचारताही सांगा. पूर्वी पोटाचे ऑपरेशन झाले असेल, पोटावर किरणोपचार झाले असतील, तेही सांगा. अशा रुग्णाचा आधी आतड्यासाठीचा खास सीटी स्कॅन करतात. काही केंद्रांत विरघळणारी चाचणी-गोळीही देतात. ती अखंड बाहेर पडली तर रस्ता मोकळा आहे असे समजते. कॅप्सूल बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नसतो.

आणि स्कॅनच्याही आधी साध्या, स्वस्त तपासण्या येतात. शौचातील सुप्त रक्त, शौचातील जंतांची अंडी, रक्तातले लोह, बी-१२. शेतात अनवाणी काम करणाऱ्याच्या आतड्यातले आकडेकृमी वर्षानुवर्षे रक्त पितात, आणि जंताची गोळी काही रुपयांची असते. कॅप्सूलच्या पडद्यावर हजारो रुपये खर्चून जंत वळवळताना पाहण्यात काही मोठेपणा नाही.

रक्त जात असल्यास मात्र उशीर करू नये. काळी, डांबरासारखी चिकट, घाण वासाची शौच म्हणजे वरच्या किंवा मधल्या आतड्यातून गेलेले रक्त. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते, पण ती अशी चिकट आणि उग्र वासाची नसते. रक्तस्राव झाल्यापासून दोन-तीन दिवसांत कॅप्सूल केली तर कारण सापडण्याची शक्यता जास्त. महिन्याने केली तर जखम भरून गेलेली असते. एकूण पाहता दोन्ही दुर्बिणी नॉर्मल आलेल्या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांहून थोड्या अधिकांत कॅप्सूलला कारण सापडते. हे प्रमाण मोठे आहे, पण पूर्ण नाही.

आपल्या घरांतले प्रश्न

कॅप्सूल म्हटली की आपल्याकडे पहिला प्रश्न जिलेटिनचा येतो. औषधाच्या कॅप्सूलचे कवच जिलेटिनचे असते, ते कोणत्या जनावराचे, ही शंका रास्त आहे. या कॅमेऱ्याचे कवच मात्र प्लास्टिकचे असते. ते पोटात विरघळत नाही, विरघळून चालणारही नाही.

दुसरा प्रश्न रोज्याचा. १९९७ साली जेद्दाहला भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या अधिवेशनात, सोबत द्रव किंवा दुसरे काही आत जात नसेल तर जठरात घातलेल्या दुर्बिणीने रोजा तुटत नाही, असे ठरले होते. प्रत्यक्षात दुर्बीण घालताना घशात औषधाचा फवारा मारतात, दुर्बिणीतून पाणी सोडतात. तेव्हा आपल्या मौलानांना तपशील सांगूनच विचारावे. कॅप्सूलच्या बाबतीत तर प्रश्नच उरत नाही, कारण आदल्या दिवशी पोट साफ करण्याचे पावडरचे पाणी लिटरने प्यावे लागते आणि गोळी पाण्याबरोबर गिळायची असते. आजारी माणसाने राहिलेले रोजे इतर दिवसांत पूर्ण करण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. तपासणी निकडीची नसेल तर ईदनंतरची तारीख घ्या. निकडीची असेल, काळी शौच होत असेल, चक्कर येत असेल, तर ईदची वाट पाहू नका. मधुमेह असणाऱ्यांनी उपाशी दिवसाच्या इन्सुलिनचे आणि गोळ्यांचे काय करायचे ते आधी लिहून घ्यावे.

तिसरा प्रश्न स्त्रिया मोठ्याने विचारत नाहीत. कॅप्सूलच्या तपासणीत कपडे काढावे लागत नाहीत. पोटावर चिकटपट्ट्या किंवा पट्टा बांधतात, खांद्याला छोटे यंत्र अडकवतात. वरून सैल कुर्ता, बुरखा घालता येतो. दोन तासांनी पाणी, चार तासांनी हलका नाश्ता चालतो. पट्टा सरकू नये म्हणून फार वाकायला मनाई असते, तेव्हा त्या दिवशी नमाज खुर्चीवर बसून अदा करण्याबद्दल आधी विचारून ठेवावे. दुर्बिणीच्या वेळी खोलीत परिचारिका हवी, शक्य तर डॉक्टर स्त्री हवी, हे तारीख घेतानाच सांगावे. ऐन वेळी सांगितले की वाद होतात आणि बाई तपासणी न करताच घरी परतते. लाजेपायी टाळलेली तपासणी मी स्वतः नात्यात पाहिली आहे, आणि तिची किंमत नंतर सगळ्या घराने मोजली.

लोहाच्या गोळ्या तपासणीआधी पाच-सात दिवस बंद ठेवायला सांगतात, कारण त्यांनी आतडे काळे दिसते. हे विसरून घेतलेली एक गोळी सगळे फोटो बिघडवू शकते.

टीबी की क्रोन्स?

लहान आतड्याच्या शेवटच्या टोकाला व्रण दिसले की भारतात दोन नावे समोर येतात, आणि इथेच डॉक्टरांचीही परीक्षा असते. टीबीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी जगाला दाखवला. क्रोन्स हा आजार १९३२ साली न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखाने ओळखीचा झाला. यात शरीराची संरक्षण यंत्रणाच आतड्यावर उलटते. दुर्बिणीतून दोघांचे व्रण पुष्कळदा सारखे दिसतात. आतड्याला आडवे वेढणारे व्रण आणि लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावरची उघडी पडलेली झडप टीबीकडे बोट दाखवते; उभे लांब व्रण आणि मध्ये मध्ये निरोगी पट्टे क्रोन्सकडे. बोट दाखवते, एवढेच. तुकड्यातून टीबीचा ठाम पुरावा मिळाला तर उत्तमच, पण आतड्याच्या टीबीत तो अनेकदा मिळत नाही. छातीच्या टीबीत भरवशाची असलेली सीबीनॅट तपासणीही आतड्याच्या तुकड्यात पुष्कळदा निगेटिव्ह येते.

चूक कोणत्या बाजूला झाली यावर सगळे अवलंबून आहे. टीबीला क्रोन्स समजून स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली तर टीबी अंगभर पसरू शकतो. क्रोन्सला टीबी समजून औषधे दिली तर सहा महिने वाया जातात, आतडे आणखी आवळते. म्हणून आपल्या देशात, पुरावा अर्धवट असेल तेव्हा, अनेक तज्ज्ञ आधी टीबीची औषधे देतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का ते पाहतात. नुसते बरे वाटण्यावर जात नाहीत, कारण क्रोन्सच्या रुग्णालाही काही दिवस बरे वाटू शकते. ही दुसरी दुर्बीण रुग्ण हमखास चुकवतात. भूक लागू लागली, वजन दोन किलो वाढले, मग कशाला पुन्हा नळी? एवढ्याचसाठी की आतल्या व्रणाचे उत्तर तोंडाच्या चवीवरून मिळत नाही.

आतड्याचा टीबी पूर्ण बरा होतो. नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा असतो. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात औषधे मोफत मिळतात आणि निक्षय पोषण योजनेत उपचार चालू असेपर्यंत दरमहा १,००० रुपये रुग्णाच्या खात्यात येतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही रक्कम ५०० होती. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्याचीही नोंद निक्षयवर करायची असते, ती झाली का एवढे विचारावे. लग्न ठरलेल्या मुलीच्या बाबतीत घरे हे लपवतात, नोंद टाळतात, औषधे तिसऱ्या महिन्यात गुपचूप बंद करतात. फक्त आतड्यात असलेला टीबी खोकल्यातून पसरत नाही. छातीतही आहे का हे एक्स-रे काढून पाहावे लागते, कारण फुफ्फुसाच्या रुग्णाने गिळलेल्या बेडक्यातूनच जंतू बऱ्याचदा आतड्यात जातात. आणि तबेल्यातून आणलेले दूध ताजे असले तरी उकळूनच प्यावे.

शीरखुर्मा, हलीम आणि तलबीना

लहान आतड्याचा आणखी एक आजार आहे, ज्याचे निदान घरच्या शहाणपणामुळेच बिघडते. सिलिअॅक. गहू, जव आणि राय यांतल्या प्रथिनामुळे काही माणसांच्या आतड्याच्या अस्तरावरचे मखमलीसारखे बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी हॉलंडमध्ये पावाचा तुटवडा पडला, तेव्हा ही व्याधी असलेली मुले उलट सुधारली, हे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी टिपले आणि गव्हावरचा त्यांचा संशय पक्का झाला. भारतात हा आजार गहू जास्त खाणाऱ्या उत्तरेकडे अधिक आढळतो, पण चपाती आणि पाव आपल्याकडेही रोजचेच. हा लहान मुलांचाच आजार, हा समज चुकीचा आहे. मोठ्या माणसाला जुलाब नसतानाही तो असू शकतो. फक्त न हटणारा रक्तक्षय, ठिसूळ हाडे, कधी वारंवार गर्भपात, एवढेच दिसते.

निदानासाठी रक्ताची एक तपासणी आणि पक्वाशयातून काढलेले चार-सहा तुकडे पुरतात. कॅप्सूल लागत नाही, मुंबईही लागत नाही. अट एकच : तपासणीपर्यंत गहू खात राहिले पाहिजे. शेजारणीने सांगितले किंवा मोबाईलवर पाहिले म्हणून महिनाभर आधीच गहू सोडला की रक्त सुधारते, आतडे भरू लागते, तपासणी नॉर्मल येते आणि निदान हुकते.

निदान झालेच तर गहू जन्मभर सोडायचा असतो, आणि आपल्या स्वयंपाकघरात तो अनपेक्षित ठिकाणी लपलेला असतो. शीरखुर्म्याच्या शेवया, नान, खारी, नानकटाई हे कळते. हलीम आणि खिचड्यातला गहू आठवायला हवा. बाजारच्या डबीतल्या हिंगात पीठ मिसळलेले असते. आणि सुन्नत म्हणून हल्ली पुन्हा घरोघर होणारा तलबीना जवाचा असतो. इतरांना तो चांगला, सिलिअॅकच्या रुग्णाला तो गव्हाइतकाच वर्ज्य. नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्याला मात्र पर्याय शोधत फिरावे लागत नाही. सुरगाणा-पेठची नागली, इगतपुरी-घोटीचा तांदूळ, पूर्वेकडच्या तालुक्यांतली बाजरी, सोबत ज्वारी आणि भगर. दळण मात्र घरचे वेगळे करावे, कारण गिरणीत आधी गहू दळला असेल तर त्याच जात्यातून बाजरीत मिसळतो. ईदला तांदळाच्या शेवयांचा शीरखुर्मा करून पाहिलेल्या घरांत दुसऱ्या वर्षी पाहुण्यांनाही तोच वाढला जातो.

दुखण्याच्या गोळ्या

यावर थोडक्यात. मालेगावात यंत्रमागावर बारा तास उभा राहणारा कामगार किंवा गुडघ्यांना कंटाळलेली दादी डायक्लोफिनॅकसारखी गोळी रोज घेते. "सोबत अॅसिडिटीची गोळी घेतो" म्हणून निश्चिंत असते. ती गोळी जठराला वाचवते, लहान आतड्याला नाही. निरोगी माणसांना दोन आठवडे डायक्लोफिनॅक आणि सोबत अॅसिडिटीचे औषध देऊन कॅप्सूलने पाहिले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांच्या लहान आतड्यात नव्या जखमा दिसल्या. रक्त कमी असलेल्या माणसाने ही गोळी स्वतःच्या मनाने चालू ठेवू नये, आणि डॉक्टरांपुढे औषधांची यादी सांगताना ती "साधी गोळी" म्हणून गाळू नये.

म्हाताऱ्या माणसांत, विशेषतः डायलिसिसवर असलेल्यांत, आतड्यातल्या फुगलेल्या नाजूक रक्तवाहिन्यांतून थेंबथेंब रक्त जाते. तरुणांत कधी जन्मजात उरलेली पिशवी, कधी गाठ. ज्याच्या ओठांवर लहानपणापासून काळपट ठिपके आहेत आणि पोटात अधूनमधून पीळ पडतो, त्याने ते ठिपके डॉक्टरांना मुद्दाम दाखवावेत. आतड्यात गाठी होणाऱ्या एका आनुवंशिक आजाराची ती खूण असू शकते.

नाशिकहून कुठे?

गंमत अशी, की महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतून तयार होणाऱ्या बहुतेक पोटविकारतज्ज्ञांच्या पदवीवर नाशिकचेच नाव असते, कारण १९९८ साली स्थापन झालेले महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथे आहे. पण मधल्या आतड्याची फुग्याची दुर्बीण लागली की अनेकांना पहाटे पंचवटी एक्सप्रेस धरावी लागते. मुंबईत केईएम, नायर, सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत पोटविकाराचे स्वतंत्र विभाग आहेत. तिथे गर्दी असते, दिवस जातात, पण खर्च झेपतो.

खासगीत कॅप्सूलचा खर्च जड असतो, कारण ती एकदाच वापरायची आणि बहुधा परदेशातून आलेली वस्तू आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत यातले नेमके काय बसते ते योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडून तपासणीच्या आधी विचारून घ्यावे; तपासणी झाल्यावर विचारून उपयोग होत नाही. मोहल्ल्यातल्या ज्या कमिट्या जकात गोळा करतात, त्या ऑपरेशनला मदत देतात पण तपासणीला सहसा देत नाहीत. गरजू रुग्णाचे निदानच झाले नाही तर ऑपरेशन कशाचे करणार, हे कमिटीच्या बैठकीत कोणी तरी बोलायला हवे.

मुंबईला निघताना बायोप्सीच्या कागदाबरोबर मेणात घातलेले तुकडे आणि काचपट्ट्याही प्रयोगशाळेतून मागून घ्याव्यात. त्या रुग्णाला मिळू शकतात, आणि त्या असतील तर पुन्हा तुकडे काढण्याची वेळ बऱ्याचदा टळते. स्कॅनची सीडी घ्यावी, नुसती फिल्म नको. मागच्या दोन वर्षांतले हिमोग्लोबिनचे सगळे आकडे तारखांसह एका कागदावर लिहावेत, त्यांच्यासमोर लोहाच्या गोळ्या कधी सुरू आणि कधी बंद झाल्या, रक्त कधी चढवले ते लिहावे. ओपीडीत आपल्या वाट्याला पाच मिनिटे येतात, आणि जाड फाईल उलटण्यापेक्षा तो एक कागद वाचायला डॉक्टरांना अर्धे मिनिट पुरते.